झाडपाल्याचा पक्ष

त्या वर्षी पावसानं वेळेआधीच आवरतं घेतलं आणि क्रशरची धूळ धुऊन न्यायला वर कुणी उरलं नाही. टेकडीवर दगडाची खाण, खाणीच्या पायथ्याला खडी फोडायचा क्रशर आणि वारा जिकडं वाहतो नेमकं तिकडं गाव. पाऊस असला की धूळ चिखल होऊन ओढ्यानं निघून जायची. नसला की रमतगमत गावात यायची आणि पाहुण्यासारखी हवं तिथं बसायची. कौलांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, म्हशीच्या पाठीवर, झाकण विसरलेल्या दुधावर. त्या वर्षी मात्र ती पाहुणी राहिली नाही, घरचीच झाली.

वरच्या आळीत, खाणीच्या सगळ्यात जवळच्या घरात कर्णेवाला राहायचा. क्रशरची घरघर तिथं अष्टौप्रहर भिंतींत भरलेली असायची, इतकी की ती आता कुणाला वेगळी ऐकूच येत नसे. लग्न असो, सभा असो, शाळेचं संमेलन असो, जिथं आवाज लागायचा तिथं त्याचे कर्णे लागायचे. एक जुनी जीप, एक ॲम्प्लिफायर, गुंडाळी सुटली की महिनाभर न आवरणाऱ्या वायरी आणि पत्र्याचे कर्णे, एवढा त्याचा संसार. बायको, आई आणि म्हैस हा दुसरा. आयुष्यभर कर्ण्यांच्या मागं बसून त्याचे कान जड झाले होते, आणि कान जड झाले म्हणून आवाज चढला होता. तो बायकोच्या कानात काही सांगायला गेला तरी आळीतली कुत्री उठून बसायची. त्यांच्या घरात काय शिजलं, काय करपलं आणि कोण कुणावर रुसलं, हे विचारायला कधी कुणाला यावं लागलं नाही.

बायको मात्र हळू बोलणारी. घरामागच्या तुकड्यात ती पालक, मुळा, कोबी लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. पूर्वी सकाळी भाजी काढली की टोपली भरून निघायचं, एवढंच काम होतं. आता आदल्या दिवशी दुपारपासून हौदाशी बसून एकेक पान धुवावं लागे. एका पाण्यानं निघत नसे. दुसऱ्या पाण्याला पान पानासारखं दिसायला लागे आणि तिसऱ्याला तिची कंबर धरे. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. एवढं करून बाजारात जावं, तर वाटेतच टोपलीवर पुन्हा पांढरा थर.

एकदा बाजारात एका गिऱ्हाइकानं पालकाच्या पानावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा तिच्या तोंडापुढं धरला.

"बाई, ही भाजी आहे का भिंत?"

शेजारचे सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पण त्या दिवशी तिच्या पालकाला पुढं कुणी हात लावला नाही. भरली टोपली डोक्यावर घेऊन ती चालत परत आली आणि सगळा पालक तिनं म्हशीपुढं टाकला. म्हशीनं वास घेतला, फुरफुर केलं आणि तोंड फिरवलं.

ती बघत उभी राहिली. मग पदराला हात पुसून तडक पोस्टमनकाकांच्या ओसरीवर गेली आणि पक्षात दाखल झाली.

पक्ष तेव्हा अगदीच लहान होता. पोस्टमनकाका नोकरीतून मोकळे झाले होते, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. रोज सगळं गाव पायी फिरल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांचे मित्र म्हणजे मधवाले. त्यांच्या पेट्या होत्या तिथंच होत्या, माश्या मात्र धुळीला कंटाळून निघून गेल्या होत्या. हे दोघं एका कुठल्याशा शिबिराला शहरात जाऊन आले आणि येताना पक्ष घेऊन आले. 'स्वच्छ हवा-पाणी पक्ष' असं त्याचं भारदस्त नाव होतं. गावानं ते ऐकलं आणि त्याच दिवशी बदललं. सगळे त्याला झाडपाल्याचा पक्ष म्हणायला लागले. पोस्टमनकाका अध्यक्ष होते आणि मधवाले चिटणीस. साधा सभासद नव्हताच. कर्णेवाल्याची बायको ही पहिली साधी सभासद, त्यामुळं काम करणारी ती एकटीच.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं.

"पक्षाचे नियम काय आहेत?" त्यानं विचारलं. पलीकडच्या घरात कुणीतरी हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. तिथंही लोक ऐकायला बसले होते.

"फलक लावायचे नाहीत. गाड्या फिरवायच्या नाहीत. कर्णे लावायचे नाहीत."

त्याचा घास हातातच राहिला.

"कर्णे नाहीत? मग लोकांना कळणार कसं?"

"सांगून."

"सांगणार कशानं?"

"तोंडानं," ती म्हणाली आणि त्याला भात वाढला.

"हा पक्ष नाही," तो आईकडं वळून म्हणाला, "हा माझ्या पोटावर पाय आहे."

म्हातारी खोकत होती. धुळीचे दिवस सुरू झाल्यापासून तिचा खोकला तिच्या बोलण्याआधी यायचा आणि बोलणं संपल्यावरही थोडा उरायचा. खोकून झाल्यावर तिनं सुनेला विचारलं, "म्हाताऱ्या माणसांना घेतात का गं त्यात?"

"घेतात."

"मग माझंही नाव घाल. नाहीतरी घरी बसून धूळच खाते."

अशा रीतीनं एका घरातून पक्ष दुप्पट झाला.

पुढं तो वाढला तो हौदापाशी. कर्णेवाल्याचा हौद ओढ्याच्या वाटेवर होता. कपडे धुवायला जाणाऱ्या बायका तिथं टेकायच्या. ती पानं धूत असायची, त्या बोलत असायच्या. कुणाच्या बाळाचे डोळे चिकटले होते, कुणाची पांढरी चादर पिवळी न होता थेट राखाडी झाली होती. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उद्या बादली घेऊन ये." उद्या म्हणजे काय, तर भाज्या धुतलेलं पाणी फेकून न देता बादल्यांनी वर न्यायचं. आळी आणि क्रशर यांच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात पक्षानं रोपं लावायला घेतली होती. ती मोठी झाली की धूळ अडवतील, असा हिशेब. जमीन इतकी कठीण की पहार मारली की पहारच झिणझिणत खांद्यापर्यंत यायची. मधवाले पहार मारायचे, पोस्टमनकाका खड्ड्याची खोली बघायचे आणि बायका माती उपसायच्या. जो पक्षात येईल त्यानं आधी एक खड्डा खणायचा, असा नियमच झाला. त्यामुळं बोलघेवडे लोक आपोआप बाहेर राहिले आणि पक्ष चालू राहिला.

कर्णेवाल्याला यातलं काही पटत नव्हतं. पण बायको संध्याकाळी तळहातावरचे फोड मीठपाण्यात बुडवून बसायची तेव्हा तो मीठ आणून द्यायचा. तेवढं त्याच्या तत्त्वात बसत होतं.

मग पंचायतीची निवडणूक लागली.

वरच्या आळीच्या जागेवरून क्रशरचा मालक दर वेळी निवडून यायचा. त्याच्यासमोर कुणी उभंच राहत नसे. या वेळी झाडपाल्याच्या पक्षानं बैठक घेतली. पोस्टमनकाका म्हणाले, "मी अध्यक्ष आहे, मला पक्ष सांभाळायचाय." मधवाले म्हणाले, "मला लोकांपुढं बोलताना घाम फुटतो." सगळ्यांचे डोळे फिरत फिरत कर्णेवाल्याच्या बायकोवर येऊन थांबले. ती बादली विसळत होती.

"मी हळू बोलते," ती म्हणाली.

"आपला पक्षच हळू बोलणारा आहे," पोस्टमनकाका म्हणाले. तिनं बादली पालथी घातली आणि ती उमेदवार झाली.

चिन्ह मागायला काका स्वतः पायी तालुक्याला गेले. त्यांना झाड हवं होतं. झाड दुसऱ्याच कुणी आधी घेतलं होतं. पान मागितलं, तेही गेलेलं. फूल नव्हतं, मधमाशी यादीत नव्हतीच. साहेब घाईत होते. शिल्लक राहिलेल्यातलं पहिलं चिन्ह त्यांनी देऊन टाकलं. संध्याकाळी काका परत आले ते कुणाशी न बोलता ओसरीवर जाऊन बसले.

"काय मिळालं?" मधवाल्यांनी विचारलं.

"करवत."



"झाडं वाचवणाऱ्या पक्षाला करवत?" मधवाले म्हणाले.

"मी बोललो साहेबांना. ते म्हणाले, कुऱ्हाडही शिल्लक आहे, बदलून देऊ का?"

गावात दुसऱ्या दिवशी नुसता दंगा. ज्याला त्याला हसायला निमित्त मिळालं. पण म्हातारीनं ते मनावर घेतलं नाही. "करवत तर करवत," ती म्हणाली. "घरात असतेच प्रत्येकाच्या. लक्षात राहील."

तिकडं मालकानं कर्णेवाल्याला बोलावून घेतलं. निवडणूक म्हणजे कर्णेवाल्याचा हंगाम. वर्षाचं धान्य त्यातच घरात यायचं. त्यामुळं तो गेला. मालक खुर्चीत बसला होता, अंगावर पांढरे शुभ्र कपडे. धूळ त्याच्या अंगावर दिसत नसे, कारण तो कपडे दिवसातून दोनदा बदलायचा.

"बायको उभी आहे म्हणे तुझी."

"ती तिच्या पक्षात आहे मालक. मी माझ्या धंद्यात."

"असंच पाहिजे. किती कर्णे आहेत तुझ्याकडं?"

त्यानं सांगितलं.

"एवढ्यानं काय होतंय? माझा आवाज खालच्या आळीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. खाणीवर लावलेला आहे तोही काढ."

कर्णेवाला जरा घुटमळला. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी गावाला इशारा द्यायचा भोंगा मागंच बिघडला होता. तेव्हापासून खाणीच्या खांबावर त्याचाच एक कर्णा भाड्यानं लावलेला होता. दुपारी सुरुंगाआधी त्यातून शिट्टी वाजायची आणि लोक घरात जायचे.

"तो इशाऱ्याचा आहे मालक."

"लाल निशाण घेऊन माणूस उभा असतोच ना तिथं? काढ तू."

त्यानं काढला. खांबावरून उतरताना त्याला कसंसंच झालं, पण ते त्यानं उन्हावर घातलं.

प्रचार सुरू झाला. जीपवर पुढं दोन, मागं दोन आणि खाणीवरचा मोठा मधोमध. सकाळपासून जीप गल्लीबोळांतून फिरायची. शेजारी मालकाचा पुतण्या बसायचा आणि कागद पुढं करायचा. कर्णेवाला वाचायचा. त्याचा गळा भरदार होता, शब्द मोत्यासारखे पडायचे. गावात कोंबड्यांनी अंडी घालणं कमी केलं, बाळांची झोप उडाली, एका म्हाताऱ्यानं कानात कापूस घातला तो काढलाच नाही. त्याच वेळी पोस्टमनकाका, मधवाले आणि त्याची बायको दारोदार पायी फिरत होते. दार वाजवायचे, उंबऱ्यात टेकायचे, जे बोलायचं ते बोलायचे. जीप आली की लोक त्यांना म्हणायचे, "आत या आणि दार लावून घ्या." दार लावून घेतलं की माणसं आपोआप जास्त वेळ बोलायची. आपण लोकांना दारं लावायला लावतोय आणि त्याच दारांआड बायकोच्या पक्षाच्या बैठका होतायत, हे कर्णेवाल्याच्या ध्यानातच आलं नाही.

एके दिवशी पुतण्यानं नवा कागद दिला. जीप तेव्हा वरच्या आळीत वळत होती. कर्णेवाल्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याला ते कळलं.

"घर सोडून पंचायतीत निघालेल्या बाईला, मतदार बंधूंनो, हातात करवत देऊन परत घरी पाठवा."

"परत वाच," पुतण्या म्हणाला. "आपल्या आळीत दोनदा."

समोरच त्याचं घर होतं. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. बायको हौदापाशी पालक धूत होती. तिनं मान वर केली नाही. त्यानं परत वाचलं. या वेळी त्याचा आवाज मध्येच फाटला, पण कर्णे चांगले होते, त्यांनी तो फाटलेला आवाजही तितक्याच इमानदारीनं सगळ्या गावाला ऐकवला.

रात्री तो मान खाली घालून जेवला. बायकोनं रोजच्यासारखं वाढलं. म्हातारीनं खोकून घेतलं.

"छान वाचलंस," ती म्हणाली. "शब्द न् शब्द कळला."

 बायको काही बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं. ती म्हैस बांधायला निघून गेली.

मतदानाआधीची शेवटची सभा क्रशरच्या मैदानात ठेवली होती. गर्दी दिसावी म्हणून खाणीतले सगळे मजूर सकाळीच सतरंज्यांवर आणून बसवले. लाल निशाण धरणारा माणूसही त्यातच. त्यानं निशाण दुमडून डोक्याखाली घेतलं होतं आणि तो झोपला होता. सुरुंगवाला तेवढा मागं राहिला होता. त्यालाही सभेला यायचं होतं, जेवण होतं तिथं. म्हणून त्यानं दोन दिवसांचं काम एकाच वेळी भरलं, वात पेटवली आणि सभेच्या दिशेनं पळत सुटला.

कर्णेवाला माईकवर "हॅलो, हॅलो" करून बघत होता. मालक नुकताच बोलायला उभा राहिला होता. "विरोधक म्हणतात धूळ, धूळ. कुठं आहे धूळ?" असं तो म्हणाला, आणि टेकडी उडाली.

आधी पायाखालून हादरा आला, मग आवाज, मग वरून खडे पडायला लागले. एवढाले खडे मांडवाच्या कापडातून टपाटपा आत येत होते. लोक सतरंज्यांखाली शिरले. व्यासपीठावर जी चार माणसं होती ती एकाच टेबलाखाली मावली. मालकानं माईक हातातून सोडला नव्हता. टेबलाखालून त्याचा आवाज सगळ्या गावात घुमला, "घाबरू नका. विरोधकांचे फटाके आहेत." आणि त्यामागोमाग धुळीचा ढग आला. मग त्याचाच खोकला बराच वेळ पाचही कर्ण्यांतून ऐकू येत राहिला.

कर्णेवाला पायऱ्यांच्या आडोशाला होता. त्याला काही लागलं नाही. तो अंग झटकून उठतोय तोच आळीतला शिंपी धापा टाकत आला.

"तुझ्या घरावर मोठा दगड पडलाय."

"घरात कोण आहे?"

"तुझी आई दुपारी खाटेवर पडलेली असते ना?"

तो पळाला. चप्पल कुठं सुटली ते त्याला कळलं नाही. मांडवापासून घरापर्यंत चढण होती, ती तो कशी चढला तेही कळलं नाही. दार ढकललं. आत ऊन होतं. त्या घरात त्या वेळी कधीच ऊन नसे. छपराच्या पत्र्याला भलंमोठं भगदाड पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा झोत थेट खाटेवर आला होता. खाट मधोमध मोडली होती आणि तिच्या मोडलेल्या भागात घमेल्याएवढा दगड बसला होता.

"आई," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज शेजारपर्यंतही पोचला नाही.

त्यानं दगड उचलायचा प्रयत्न केला. गोधडी बाजूला केली. खाली जमीन होती, बाकी काही नव्हतं. तो तिथंच बसला.

"काय शोधतोयस?" मागून कुणीतरी विचारलं.

म्हातारी दारात उभी होती. तिच्या मागं सून, दोघींच्या हातांत रिकाम्या बादल्या.

"कुठं होतीस तू?"

"घरी पडवत होतं का तुझ्या सभेच्या आवाजानं? कपाळ उठलं. म्हटलं त्यापेक्षा रोपांना पाणी घालू. दगड यायला लागले तशा तिथल्याच खड्ड्यात बसलो दोघी, म्हणून वाचलो." ती खाटेपाशी आली. मोडक्या लाकडावरून हात फिरवला. "खाट चांगली होती रे माझी."

तो आईचे पाय धरून रडायला लागला. मोठ्यानं. रडताना आवाज पुन्हा जागेवर आला होता, आणि सगळ्या आळीला कळलं की म्हातारी वाचली.

बायको भगदाडाखाली उभी होती. "इशारा कसा झाला नाही?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड पुसलं. "इशाऱ्याचा कर्णा माझ्या जीपवर आहे," तो म्हणाला. "मालक म्हणाला, मी काढला."

तिनं फक्त बादली जमिनीवर ठेवली, जरा जोरात.

तेवढ्यात मालक आला. पांढरे कपडे राखाडी झाले होते, मागं पुतण्या होता. मालकानं भगदाड बघितलं, खाट बघितली, म्हातारीकडं बघून हात जोडले. मग कर्णेवाल्याला बाजूला घेतलं.

"छप्पर मी घालून देतो. खाटही देतो. आता जीप काढ आणि हे वाचत गावातनं फिर."

कागदावर लिहिलं होतं की सभा उधळण्यासाठी विरोधकांनी दगडफेक केली, एका गरिबाचं घर फोडलं.

कर्णेवाल्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

"मला वाचता येत नाही हे."

"कालपर्यंत येत होतं की."

"कालपर्यंत छप्पर होतं."

मालक हळू आवाजात काहीतरी म्हणाला, पुढच्या हंगामाबद्दल असावं. कर्णेवाल्याला ते ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जड कान त्याच्या उपयोगी पडले. तो मैदानात गेला, जीपवरचे कर्णे एकेक करून सोडले आणि त्यातला मोठा खांद्यावर घेऊन खाणीवर चढला.  नट आवळून आवळून त्यानं बोटं सोलून घेतली. खाली आल्यावर त्यानं शिट्टी वाजवून बघितली. गावात सगळे घाबरून घरात पळाले. तेवढी एक चूक झाली.

संध्याकाळी तो बायकोच्या मागोमाग प्रचाराला निघाला. पोस्टमनकाकांनी त्याला आळीच्या तोंडाशी अडवलं.

"कर्णा नाही ना आणलास?"

"नाही."

पहिल्या दारात तो उंबऱ्यात टेकला आणि पक्षाच्या रीतीप्रमाणं हळू बोलायला लागला. "दगड खाणीतनं आला. इशारा नव्हता. इशाऱ्याचा कर्णा मीच काढला होता." एवढंच बोलला. आतून बाई काही म्हणायच्या आत समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "मालकाच्या सांगण्यावरून का?" त्याच्या पलीकडच्या घरातून कुणीतरी म्हणालं, "नाहीतर काय." तो एका दारात बोलत होता आणि आळीतली दारं आपोआप उघडत होती.

मधवाल्यांनी काकांच्या कानाशी लागून विचारलं, "हे नियमात बसतं का?"

काका विचारात पडले. "यंत्र नाही, वीज नाही, धूर नाही," ते म्हणाले. "बसतं."

मतदान झालं, मोजणी झाली. थोड्याच मतांनी का होईना, करवत निवडून आली. पंचायतीत पहिल्याच बैठकीला कर्णेवाल्याची बायको इतकं हळू बोलली की सगळ्यांना पुढं सरकून, गप्प बसून ऐकावं लागलं. पंचायतीत इतकी शांतता कधी झाली नव्हती. तिनं तीन गोष्टी मागितल्या. खडीवर पाणी मारायचं, क्रशरला चहूबाजूंनी पत्रे लावायचे, शिट्टीशिवाय सुरुंग नाही. पहिल्या आणि तिसऱ्याला हात वर झाले. दुसरी पुढच्या बैठकीवर ढकलली. पण कर्णेवाल्याची बायको ती बैठकीगणिक मागतच राहिली.

पक्ष आता पसरला होता. शेजारच्या गावातल्या वीटभट्टीखालचे लोक आले, त्याच्या पलीकडच्या गावाची नदी फेसाळत होती, तिथले आले. पोस्टमनकाकांचे पाय पुरेनात. मधवाल्यांना सभासदांचे चेहरे ओळखू येईनात, त्यामुळं ते ज्याला त्याला नमस्कार करत सुटले. पहिलं भांडणही झालं. ते खड्डे कुणी आधी खणले यावरून झालं, त्यावरून सगळ्यांना पटलं की पक्ष आता खरा झालाय.

एका रविवारी नवे सभासद करून घ्यायचं काम कर्णेवाल्याच्या अंगणात चाललं होतं. म्हातारी नव्या खाटेवर बसून एकेकाला पारखत होती. लोकांना पाणी देत फिरणाऱ्या मुलाला तिनं हाक मारली, "अरे, तू कुठं मध्ये मध्ये करतोस? तू सभासद आहेस का?"

"मी?" कर्णेवाला म्हणाला. मुलगा म्हणजे तोच. "मी तर घरचाच."

"घरचा वेगळा. तू अजून खड्डा कुठं खणलायस? बस त्या बाकावर."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती दुसरीकडं बघून हसत होती. तो बाकावर जाऊन बसला. इतक्यात आळीच्या तोंडाशी गलका झाला. क्रशरच्या मालकाची गाडी आली होती आणि पोस्टमनकाका तिच्या पुढं हात आडवे करून उभे होते. थोड्या वेळानं मालक पायी चालत आला. चढणीनं त्याला धाप लागली होती. तो कर्णेवाल्याशेजारी बाकावर टेकला.

"तुम्ही इकडं कसे मालक?"

"वारं कुणीकडं आहे ते कळतं मला," मालक म्हणाला. "पुढच्या वेळी सगळ्या तालुक्यात तुमचाच पक्ष असणार. मग बाहेर राहून काय करू?"

अंगणात कुजबुज सुरू झाली. मधवाले रागानं लाल झाले. काका म्हणाले, याला घेतलं तर मी निघालो. कर्णेवाल्याच्या बायकोनं दोघांना हातानं थांबवलं आणि सासूकडं बघितलं.

म्हातारीनं मालकाला समोर बोलावलं. "काय काम येतं तुला?"

मालकाला प्रश्न नवा होता. "माणसं कामाला लावतो मी."

"ती आमच्याकडं आपणहून कामाला लागलीयेत. पाणी उचलता येतं?"

"येत असेल."

"मग उद्या सकाळी दोघंही या. सभासदाचं नंतर बघू. आणि पत्रे लावल्याशिवाय तर बघायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक खरंच आला. कुणालाच वाटलं नव्हतं, त्यालाही नसावं. त्यानं पांढरे कपडे घातले होते. कर्णेवाल्यानं त्याच्या हातात बादल्या दिल्या आणि दोघं हौदापासून वर निघाले, पुढं कर्णेवाल्याची बायको. अर्धं पाणी मालकाच्या धोतरावर गेलं, उरलेलं रोपांपर्यंत पोचलं. पहिल्या फेरीला त्याच्या तळहाताला वळ आले, दुसऱ्या फेरीला तो मध्येच बसला, तिसऱ्या फेरीला त्यानं न सांगता बादली उचलली.

क्रशरवरून हे दिसत होतं. आधी एक मजूर कठड्याशी आला. मग दुसरा. मग खडी भरणाऱ्या बायका. लाल निशाणवाला, सुरुंगवाला, डंपरचा ड्रायव्हर, सगळे येऊन रांगेत उभे राहिले आणि मालक पाणी वाहतोय ते बघायला लागले. शेवटी मशीन चालवणाऱ्यालाही राहवलं नाही. त्यानं खटका खाली ओढला आणि तोही बाहेर आला.

कर्णेवाला वाकून रोपाला पाणी घालत होता. तो एकदम ताठ झाला. त्यानं एका कानात बोट घालून हलवलं, मग दुसऱ्या. चेहरा पांढराफटक पडला.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "मला काही ऐकू येईनासं झालंय."

"मलाही," ती म्हणाली आणि बादली खाली ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली.